एका माणसाच्या रुंदीचा पट्टा

८ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

हे नाव ह्यांनी ठेवलेलं. तू गेलीस तरी ते घरात राहिलं, म्हणून तेच लिहिते. पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. सासूचं पत्र आलं की सून आधी शेवटची ओळ वाचते, आणि मी तर आता तुझी सासूही नाही. कोर्टानं तसा शिक्का मारून दीड वर्ष झालं.

फोन केला असता. पण मी बोलायला लागले की ह्यांच्या टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, त्यामुळे तिसऱ्याचा कान मला लांबून ओळखू येतो. म्हणून पत्र. तुझा नवा पत्ता मला कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही, म्हणून हॉस्पिटलच्या पत्त्यावर.

काम असं की डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. रक्तदाब चढलाय आणि जिन्यात धाप लागते. मी म्हटलं, घरात चालायचं मशीन घ्यावं. हे म्हणाले, "पैसे देऊन एका जागी चालायचं? मी फुकटात एका जागी बसतो, त्याचं कुणाला कौतुक नाही." दुकानदार म्हणतो सगळ्यांत मोठं न्या. शेजारीण म्हणते नेऊच नका, त्यांच्याकडच्या मशीनवर चादरी वाळतात. तू दिवसभर लोकांच्या छातीला वायरी लावून त्यांना त्या पट्ट्यावर चालवतेस. तुझ्याइतकं खरं मला कुणी सांगणार नाही. गोड तर तू कधीच बोलली नाहीस. तर सांग, घ्यावं की न घ्यावं? फायदे काय, तोटे काय?

तुझी
आई
(दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही. नको असेल तर खोडून टाक.)


१५ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. आमच्या विभागाचं टपाल रिसेप्शनवर पडून राहतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

धाप लागत असेल तर मशीनच्या आधी स्ट्रेस टेस्ट करून घ्या. घराजवळच्या हॉस्पिटलात होते, इथपर्यंत यायची गरज नाही.

आता मशीन. ट्रेडमिलचा मोठा फायदा हा की वेग तुम्ही ठरवता आणि तो कमीजास्त होत नाही. रस्त्यावर माणूस ओळखीचं कुणी भेटलं की थांबतं, मग चालणं आणि गप्पा यांचा हिशेब लागत नाही. ऊन, कुत्री, गर्दी यांचा प्रश्न नाही. पट्ट्याखाली थोडा दाब घेणारा थर असतो, त्यामुळे सिमेंटच्या रस्त्यापेक्षा गुडघ्यांना बरं. तोटे: जागा खातं. मागे दोन मीटर मोकळे सोडावे लागतात, कारण माणूस पडतं ते मागेच. पट्ट्याला अधूनमधून सिलिकॉनचं तेल द्यावं लागतं, ते कुणी देत नाही. वीज गेली की पट्टा थांबतो आणि आपण थांबलेलो नसतो. आणि घरगुती मशीनचा पट्टा एका माणसाच्या रुंदीचा असतो. कंटाळा येतो तो त्यामुळे. चादरी वाळत घालायची पाळी येते ती कंटाळ्यामुळेच, मशीनच्या दोषामुळे नाही.

व्यायामाची सायकल हा दुसरा पर्याय. आवाज जवळजवळ नाही, पडण्याची भीती कमी. पण तुम्हाला चालायची सवय आहे, सायकलची नाही. सवय असलेलीच गोष्ट टिकते. तेव्हा माझा सल्ला ट्रेडमिल. चांगल्या मोटरची, साधी, बटणं कमी असलेली.

ठेवायला लहान खोली योग्य आहे. मापं माझ्याकडे आहेत, पुन्हा घेऊ नका.

पक्कं सांगायच्या आधी एवढं कळवा. गुडघे कसे आहेत? वापरणारं आणखी कुणी आहे का? खाली कोण राहतं? वीज किती वेळा जाते? दुपारी घरात कुणी झोपतं का? घरात लहान मूल आहे किंवा येतं-जातं का? हे प्रश्न मी सगळ्यांना विचारते.

आणि एक प्रश्न फक्त तुम्हाला. समोर बाग आहे, तुम्ही रोज संध्याकाळी चालत होतात. मग मशीन कशाला?

कळावे.


३० जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मायन्यात हाकच नाही! विजेच्या बिलावरसुद्धा 'प्रिय ग्राहक' असतं गं. असो. तू पहिल्यापासून अशीच. लग्नानंतर सहा महिने मला हाक न मारता काम भागवलंस. काही हवं असलं की येऊन समोर उभी राहायचीस, मांजरासारखी. हाक मारलीस ती पहिल्यांदा कधी, आठवतं? मी जिन्यात घसरले तेव्हा. "आई!" अशी ओरडलीस की मी दुखणं विसरले.

टेस्ट केली. तिथली मुलगी सारखी "मावशी, दांडी सोडा, दांडी सोडा." मी कशाला सोडतेय! रिपोर्ट बरा आहे. एक गोळी वाढवली. चालणं आहेच.

आता तुझी उत्तरं. डावा गुडघा कुरकुरतो, उजवा गरीब आहे. वापरणार मी एकटी. हे फार तर त्यावर टॉवेल टाकतील. खालच्या मजल्यावर आता दातांचे डॉक्टर आलेत. त्यांच्याकडेच एवढी ओरड असते की आमची धडधड कुणाला ऐकू जाणार? वीज महिन्यातून एखाद्या वेळी जाते.

लहान खोलीत नको. तिथे दुसरं सामान येणार आहे. हॉलमध्ये खिडकीपाशी बसवू. पण आवाज किती होतो ते जरा नीट लिही. म्हणजे असं की आतल्या खोलीत दार लोटून कुणी झोपलं असेल तर जाग येईल का? ह्यांची दुपारची झोप असते ना, म्हणून.

बागेच्या फरश्या उखडल्यात गं. म्हणून बाहेर जात नाही.

तुझं जेवण वेळेवर असतं का? हा प्रश्न मीही सगळ्यांना विचारते.

तुझी
आई


७ फेब्रुवारी

ती. आई,
सा. न.

रिपोर्ट बरा आहे हे वाचलं. त्या मुलीचं ऐकायला हवं होतंत. दांडी धरली की शरीराचं वजन हातांवर जातं, हृदयाला काम कमी पडतं. आकडा चांगला येतो आणि तो खोटा असतो. आम्ही नव्वद टक्के वेळ हेच सांगत असतो की दांडी सोडा, समोर बघा, पायांकडे बघू नका. गेल्या आठवड्यात एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर आले होते. चढ वाढवला तसे म्हणाले, "मॅडम, स्टॉप कधी येणार?" मी म्हटलं, "स्टॉप नाही काका. तुम्ही दमलात की तोच स्टॉप." तर म्हणाले, "म्हणजे तिकीट फाडलं, प्रवास नाहीच!" आणि दांडी सोडून हसले. त्यांचा ईसीजी त्या दोन मिनिटांत सगळ्यात स्वच्छ आला.

आवाजाबद्दल. चालण्याच्या वेगाला चांगल्या ट्रेडमिलचा आवाज साधारण मोठ्या आवाजातल्या बोलण्याएवढा असतो, आणि पावलांचा धप्पधप्प वेगळा. दार लोटून कमी होतो, जात नाही. बाबांना मात्र काही होणार नाही. शेजारची भिंत ड्रिलनं फोडत होते त्या दुपारीही ते उठले नव्हते. तरी तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. खाली रबरी चटई घाला.

हॉल चालेल. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ भिंतीकडे नको.

उतरताना लगेच चालायला लागू नका. पट्टा थांबल्यावर काही क्षण जमीनच पुढे सरकते आहे असं वाटतं. यात मशीनचा दोष नाही. थांबलोय हे शरीराला उशिरा कळतं. भिंत धरून उभं राहायचं.

मी डबा नेते. वेळेवर खाते.

आणि बागेच्या फरश्या आपण चालत होतो तेव्हाही उखडलेल्याच होत्या. तुम्ही मला हाताला धरून त्यांवरून न्यायचात, खरं तर मी तुम्हाला न्यायला हवं होतं. तेव्हा हे उत्तर मी दांडी धरून आलेला आकडा समजते.

कळावे.


२२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. एक्स्चेंजमध्ये आमची सुपरवायझर अशी होती, श्वासावरून ओळखायची कुणी लाइन उघडी ठेवलीय ते.

तर ऐक. तू गेल्यावर मी थोडे दिवस एकटी जात होते. एकदा मागून एक तरुण माणूस म्हणाला, "काकू, एका बाजूनं चला ना, अख्खी वाट अडवलीत." मी बघितलं तर खरंच. मी उजव्या कडेला, आणि डावीकडे एका माणसाची जागा मोकळी. वाट अडेल नाही तर काय! दुसऱ्या दिवशी ठरवून मधून चालले, तर पाय आपोआप कडेला. आणि मला डावीकडे बघून बोलायची सवय. "हे झाड बघ गं, वाळलं." बाकावरच्या बायका बघायला लागल्या.

ते सोड. बागेचा वॉचमन रोज विचारायचा, "सूनबाई दिसत नाहीत?" मी म्हटलं, माहेरी गेलीय. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. इतकं लांबलेलं माहेरपण कुणी ऐकून घेतं का? तशीच वळले, ती आजतागायत गेले नाही. पट्टा एका माणसाच्या रुंदीचा असतो असं तू तोट्यांमध्ये लिहिलंस. मी तेवढ्यावरच मशीन घ्यायचं ठरवलं.

माझ्या मुलाला मी माफ केलं का, असं तू कधी विचारणार नाहीस, तरी सांगते. तो वाईट नाही. त्या डिसेंबरनंतर तू बोलायची बंद झालीस आणि त्याला शांतता सोसत नाही, लहानपणीही दिवा लावून झोपायचा. आणि ही आता जी आहे, तीही वाईट नाही. असती तर मला सोपं गेलं असतं. परवा विचारत होती, "आई, तुम्ही हॉस्पिटलला पत्रं का लिहिता?" मी म्हटलं, "मशीनची चौकशी." खोटं नाही ना ते?

दुकानदाराला मे महिन्याच्या आत आणून बसव म्हटलंय, पुढे घरात गडबड असेल. एक सांग, पट्टा मागच्या बाजूला जिथे आत जातो, ती फट झाकता येते का? काही कापड, फळी असं? आणि मशीन चालू असताना खाली जमिनीवर कुणी जवळ आलं तर?

तुझी
आई


१ मार्च

ती. आई,
सा. न.

माझा सल्ला बदलला आहे. ट्रेडमिल घेऊ नका. सायकल घ्या. चाक पूर्ण झाकलेली, पाठीला टेकू असलेली.

कारण लिहिते. मागची फट झाकता येत नाही. पट्टा चालू असताना तिथे हात गेला तर तो आत ओढला जातो आणि कातडी घासून जळते. रांगणारी मुलं हलत्या गोष्टीकडे जातात आणि तळहात पुढे करतात. आमच्या इमारतीत भाजलेल्यांचा वॉर्ड खालच्या मजल्यावर आहे. असे तळहात मी पाहिले आहेत. फार लहान असतात. ट्रेडमिलला सुरक्षेची किल्ली असते, ती काढून ठेवली की मशीन सुरू होत नाही. पण ती रोज आठवणीनं काढणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. सायकलचा आवाजही कमी. दार लोटलं की जाग येणार नाही.

मी सगळे प्रश्न विचारले होते. एकाचं उत्तर आलं नाही. पेशंटनं उत्तर दिलं नाही तर आम्ही पुन्हा विचारतो. तुम्हाला पुन्हा विचारलं नाही, कारण पुढच्या दोन पत्रांत तुम्ही ते उत्तर दिलंत: लहान खोलीत सामान, आत झोपणारं कुणीतरी, मे महिना, जमिनीवरून जवळ येणारं कुणीतरी. वाचायला शिकवलंय मला. रेघांवरून सांगायचं, हेच काम आहे.

तुम्ही मला दुखवायला नको म्हणून लपवलंत हे कळतं. पण सल्ला विचारताना माहिती लपवली की सल्ला चुकतो. मी ट्रेडमिल सांगून बसले होते.

लहान खोलीबद्दल. खिडकीची कडी मूळ जागेवरून काढून मी वरती बसवली होती. तुम्ही तेव्हा घरी नव्हतात. ते बाळ पोटात होतं, पाचवा महिना. पलंगावर उभं राहिलेल्या तीन वर्षांच्या मुलाचा हात किती उंच पोचतो ते काढून त्याच्यावर एक वीत धरली होती. सहाव्या महिन्यात, त्या डिसेंबरात, ते गेलं आणि नंतर त्या खोलीत कुणी गेलंच नाही, त्यामुळे तुमच्या लक्षात आलं नसेल. रंगारी आले तर ते कडी पुन्हा खाली आणतील, कारण ती तिथे विचित्र दिसते. आणू देऊ नका. भिंतीत प्लग ठोकलेले आहेत, मजबूत आहे.

अभिनंदन लिहायला हवं. आज तीनदा लिहिलं आणि कागद बदलला. पुढच्या पत्रात लिहीन.

कळावे.


९ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

महिना झाला, हात उचलत नव्हता. तुझं पत्र मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची गरज पडली नाही, पाठ झालं.

मी तुला सांगायला हवं होतं. प्रत्येक पत्र सुरू करताना ठरवायचे, आणि मग तू मोटरचं लिहिलेलं असायचं, तेलाचं लिहिलेलं असायचं, मला वाटायचं, चालू दे, एवढं तरी चालू दे. कळलं की तू लिहायची थांबशील. दुसरं कारण नाही गं. तुझ्या दुःखाची काळजी हे सांगायला बरं, खरं म्हणजे मला माझीच काळजी होती.

सायकल आली. जोडायला आलेल्या माणसानं मला "आजी, पाय पोचतात का?" विचारलं. हे म्हणाले, "पोचतात, पण कुठे पोचत नाहीत." रोज करते. खिडकीतून बाग दिसते.

रंगारी येऊन गेले. तू म्हणालीस तसंच, पहिल्यांदा कडीलाच हात घातला त्यांनी. मी "राहू दे" म्हटलं, जरा जोरातच. ती दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. म्हणाली, "आई, ही कडी एवढी वर कुणी लावली?"

मी म्हटलं, "आधीच्यांनी."

जशी काही आम्ही भाड्यानं घेतलेली जागा आहे. ती म्हणाली, "हुशार होते हं," आणि हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. थोड्या वेळानं बघते तर माझा मुलगा त्या खोलीत एकटा. त्यानं हात वर करून खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. आता तो गप्प बसायला शिकलाय, उशिरा.

तुझ्यापाशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. मला वाटायचं, हे बाळ येईल तेव्हा चेहऱ्यावर हसू ओढून आणावं लागेल. नाही लागणार. हसू आपोआप येईल. मी बाळाला घेईन, न्हाऊ घालीन, त्याच्याशी वेड्यासारखी बोलेन. त्याचंच वाईट वाटतं.

आता तू सांग. मी लिहीत राहू का? फायदे-तोटे बघून सांग, तुझ्या पद्धतीनं.

तुझी
आई


१७ एप्रिल

ती. आई,
सा. न.

अभिनंदन. मागच्या पत्रात राहिलं होतं.

सायकलची सीट अशी ठेवा की पाय खाली गेल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील. डावा कुरकुरला तर सीट एक खाच वर घ्या.

"आधीच्यांनी" हे उत्तर बरोबर आहे. तेच देत राहा. कडीचे स्क्रू वर्षातून एकदा आवळावे लागतात. तुम्ही स्टुलावर चढू नका. घरात उंच माणूस आहे, त्याला सांगा.

पत्रांचं. तुम्ही लिहिलंत तर फायदा असा की तुम्हाला बरं वाटेल आणि मला तुमचं अक्षर दिसेल. तोटा असा की त्यात बाळ असणार, असायलाच हवं, आणि ते तुम्ही माझ्यासाठी पत्रातून गाळायला लागाल. मग प्रत्येक पत्र दांडी धरून लिहिलेलं होईल. तशी मला नकोत, आणि दुसऱ्या तऱ्हेची मला अजून वाचता येणार नाहीत. म्हणून लिहू नका. कधी वाचता येतील ते मला माहीत नाही. वाचता आली तर मी आधी लिहीन.

वॉचमनला खरं सांगा. एकदाच सांगावं लागतं. मी इथे सगळ्यांना एकदाच सांगितलं.

सायकल उन्हाळ्यापुरती ठीक आहे. तुम्ही चालणाऱ्या आहात, नंतर बाहेर जा. उजव्या कडेनं चालता ते बदलू नका. डावीकडे जागा सोडता तीही सोडत जा, कुणी काही म्हणालं तरी. बाबागाडीला तेवढी लागते. साठ सेंटिमीटर. तेव्हा दुकानात जाऊन मोजून आले होते.

तुमची
मोजपट्टी